डोमाजीचा पुकारा

भंडाऱ्याच्या कोष्टीपुऱ्यातल्या डोमाजी निपान्यांना देवानं दोन गोष्टी हात न आखडता दिल्या होत्या. एक नाक आणि दुसरा आवाज. नाकाचा जन्मभर काही उपयोग झाला नाही. आवाजाचा मात्र झाला, आणि इतका झाला की तो झाला नसता तर बरं, असं म्हणायची पाळी आली.

डोमाजी मागावर बसून साधं पाणी मागायचा तरी तिसऱ्या गल्लीतली बाई तांब्या घेऊन उठायची. जेवताना बोलला की मंदाबाई, त्याची बायको, कपाळावर हात मारून घ्यायची. "हळू बोला ना जी. भाजीत मीठ जास्त झालं हे सगळ्या पुऱ्याले सांगाची काय गरज आहे?" डोमाजी म्हणायचा, "मी हळूच बोलून राहिलो." आणि हेही सगळ्या पुऱ्याला ऐकू जायचं.

या आवाजाला काम मिळालं ते वैनगंगा सेवा क्लबामुळे. एकाहत्तर साली गावातल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी हा क्लब काढला. धानाच्या गिरणीचे मालक पुंडलिकराव अध्यक्ष आणि हायस्कुलातले मधुकरराव मास्तर सचिव. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा भरायची. प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, कुणातरी पाहुण्याचं लांबलचक भाषण, आभार, आणि ज्याच्यासाठी निम्मी मंडळी यायची ते तर्रीपोहे. चेष्टा सोडा, कामंही चांगली करत. डोळ्यांची शिबिरं भरवली, रक्तदान केलं, कारध्याच्या पुलाजवळ उन्हाळ्यात पाणपोई घातली.

आणि मयतीचा पुकारा सुरू केला. त्याचं असं झालं की एक म्हातारे मास्तर वारले आणि कुणाला पत्ताच नाही. ज्यांनी अर्ध्या भंडाऱ्याला बाराखडी शिकवली त्यांच्या तिरडीमागे सहा माणसं. क्लबाला त्याची लाज वाटली. ठराव झाला की गावात कुणीही मेलं, गरीब असो की सावकार, क्लब फुकट पुकारा करील. परसरामची सायकलरिक्षा, तिच्यावर भोंगा, खाली बॅटरी आणि आत माईक धरून डोमाजी. नियम एकच होता. घरच्यांची चिठ्ठी, तीवर मधुकररावांची सही. चिठ्ठीशिवाय डोमाजी स्वतःच्या बापाचाही पुकारा करायचा नाही.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." एवढं ऐकलं की हातातली कामं थांबायची. बाया पदर डोक्यावर घ्यायच्या. डोमाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिवसभर मागावर वाकलेला हा माणूस रिक्षात बसला की ताठ व्हायचा. सभेत त्याला शेवटच्या का होईना, खुर्चीवर बसवत. कोष्ट्याच्या पोराला याहून अधिक काय हवं?

शहात्तरच्या कार्तिकात क्लबाचं आवळीभोजन कारध्याच्या एका मळ्यात होतं. बायकामुलांसकट सगळे आलेले. वांग्याची भाजी, भरडाचे वडे, झाडाखाली पंगत. पुंडलिकराव अध्यक्षीय चार शब्द बोलायला उभे राहिले. त्यांचे चार शब्द अर्धा तास चालत, म्हणून लोक आधीच डुलक्या घ्यायला लागलेले. तेवढ्यात वरून एक कावळा उतरला आणि पुंडलिकरावांच्या टकलावर बसला. नुसता टेकला असता तर गोष्ट वेगळी. तो बसला, पंख मिटले, मान वळवून पंगतीकडं पाहिलं आणि मग सावकाश उडाला.

हसायला तोंड उघडलेली माणसं तशीच राहिली. कावळा डोक्यावर बसला म्हणजे काय, हे आपल्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पुंडलिकरावांनी रुमालानं टक्कल पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, "कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही! बसा, बसा, जेवा." पण त्यांचा स्वतःचा वडा पानात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, डोमाजीचं दार वाजवलं. डोळे रडून सुजलेले. या दोषावर उतारा एकच, तो जुना आणि सगळ्यांना ठाऊक. कावळा बसल्यापासून दहा दिवसांच्या आत माणूस मेल्याची खोटी बातमी त्याच्या नातलगांना धाडायची. ते रडले की मरणाचं देणं फिटलं. मग जाऊन सांगायचं की माणूस सुखरूप आहे, आणि साखर वाटायची.

"डोमाजी, माहं माहेर कारध्याचंच. सगळे तठीच आहेत. एकडाव पुकारून दे बापा. थे रडतीन अन् दोष उतरीन."

"बाईसाहेब, खोटं कसं पुकारू जी? मधुकररावची सही नाही."

"सही माही घे. माहं कुकू तुह्या तोंडात आहे रे."

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? डोमाजी गेला. कारध्याच्या शिवेवर चिंचेखाली रिक्षा उभी केली. बॅटरीची तार निसटत होती म्हणून परसराम ती हातानं दाबून डोमाजीला अगदी खेटून उभा राहिला. डोमाजीनं डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा जिवंत माणूस मेल्याचं सांगितलं.

कारधं रडलं. असं रडलं की डोमाजीनं माईक खाली ठेवला. तासाभरानं त्याच चिंचेखालून त्यानं सांगितलं, "पुंडलिकराव सुखरूप आहेत," आणि रडणारे हसत बाहेर आले. सुमित्राबाईंच्या काकांनी त्याच्या तोंडात साखरेची मूठ कोंबली. सगळं कसं छान झालं.

दहाव्या दिवशी परसराम मेला. आजार नाही, पाजार नाही. दोन्ही बगलांत धानाचं एकेक पोतं घेऊन चालणारा माणूस. दुपारी तीन वाजता रिक्षास्टँडवर, लिंबाखाली, सीटवर बसलेला, हात हँडलवर. गिऱ्हाइकानं हाका मारल्या, खांदा हलवला, तेव्हा कळलं. त्याचा पुकारा डोमाजीनंच केला, आणि रिक्षा ओढली परसरामच्या धाकट्या भावानं, जागेश्वरनं. पुंडलिकराव मात्र दिवाळीपेक्षा तुकतुकीत दिसायला लागले होते.

तेव्हा डोमाजीला काही सुचलं नाही. माणसं मरतात. पण उताऱ्याचा गुण गावभर झाला आणि अधूनमधून कुणाकुणाच्या डोक्यावर कावळे बसायला लागले. पूर्वी बसत नव्हते असं नाही. पूर्वी नातलगांच्या दारोदार माणूस धाडावा लागे, आता भोंगा होता. क्लबाच्या सभेत यावर दीड तास खल झाला. एका डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "आपण लस टोचतो की अंगारा वाटतो, एकदाचं ठरवा." पण अध्यक्षांचाच जीव त्या पुकाऱ्यानं वाचलेला! ठराव मंजूर झाला. 'लोकांच्या मनाच्या समाधानासाठी' असे शब्द मधुकररावांनी सुंदर अक्षरात लिहिले. बरोबर एका तासानं सुखरूपतेचा पुकारा करावा, हेही लिहिलं. मग पोहे आले.

एकोणऐंशीत मोतीलाल कापडवाल्यावर कावळा बसला. त्याचे भाऊबंद नदीकडच्या वस्तीत राहायचे. डोमाजीनं तिथल्या कोपऱ्यावर रिक्षा थांबवली आणि जागेश्वर पान खायला गेला. समोरच्या उंबऱ्यावर बालवाडीच्या शोभाताई सुपात तांदूळ पाखडत होत्या. "डोमाजी, कोण गेलं हो?" त्यांनी विचारलं. तो त्यांच्याकडं बघतच पुकारला. दहाव्या दिवशी शोभाताईंना सकाळी ताप आला आणि दुपारी त्या संपल्या.

एक्क्याऐंशीत तिसरा खोटा पुकारा. रिक्षा दादाजीच्या पिठाच्या चक्कीसमोर थांबली आणि जागेश्वर पाणी प्यायला गेला. ऐकू यावं म्हणून दादाजीनं चक्की बंद केली आणि पांढऱ्या भुवयांनी दारात येऊन उभा राहिला, डोमाजीपासून हातभरावर. दहाव्या दिवशी चक्की चालूच होती, पीठ भरभरून जमिनीवर सांडत होतं आणि दादाजी बाजूला पडलेला होता.

त्या दिवशी डोमाजीनं माग थांबवला. ताण्याचे धागे डोळ्यांपुढं एकात एक मिसळायला लागले. परसराम खेटून उभा होता. शोभाताई समोर होत्या. दादाजी हातभरावर होता. मरणाचा शब्द तोंडातून निघाला की तो रिकामा फिरत नाही. ज्याचं नाव घेतलं त्याच्यावर नाही पडला, तर जो सगळ्यात जवळ असेल त्याच्यावर पडतो. हे समजलं आणि त्या धिप्पाड आवाजाच्या माणसानं मागावरून उठून चपला पायात घातल्या.

तो मधुकररावांकडं गेला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हसले. "अरे डोमाजी, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी कधी."

"तीन फांद्या तुटल्या जी," डोमाजी म्हणाला.

त्यानंतर त्यानं खोटा पुकारा केला नाही. खऱ्या मयतीला भर पावसात जाई. कावळ्याची चिठ्ठी आली की परत करी. लोक चिडले. सभेत पुंडलिकरावांनी त्याला उभं करून विचारलं, "तू क्लबापेक्षा मोठा झाला काय रे?" डोमाजी खाली मान घालून म्हणाला, "नाही जी, साहेब." पण पुकारा केला नाही. शेवटची खुर्ची गेली. तो दाराशी उभा राहू लागला.

त्र्याऐंशीच्या संक्रांतीला चार दिवस होते. मंदाबाई अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होती आणि शेजारची रुखमा कडेवर पोर घेऊन कुडाजवळ बोलत उभी होती. कावळा आला. मंदाबाईच्या डोक्यावर बसला. तिनं हात झटकले तरी उठेना. चोचीत तिचा पदर धरून ओढला आणि मग गेला. रुखमाची किंकाळी डोमाजीनं मागावर ऐकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोष्टीपुऱ्याला ठाऊक झालं होतं.

पहिल्या दिवशी मंदाबाई हसली. "मले नेऊन थो कावळा काय करीन? हाडंच हाडं आहेत." दुसऱ्या दिवशी ती अंगणात गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फडताळातले डबे काढून पुसले आणि डोमाजीला जवळ बोलावलं. "हे पाहा, हळद इथं. तिखट इथं. उषाच्या बाळंतपणाचं लुगडं पेटीत तळाशी आहे." उषा त्यांची एकुलती लेक, लाखांदूरला दिलेली. डोमाजी ओरडला, "मले कायले दाखवून राहिली?" ती म्हणाली, "हळू बोला ना जी."

पाचव्या दिवसापासून गल्ली दारात यायला लागली. रुखमा आली, म्हातारे आले, जागेश्वर रिक्षा पुसून तयार ठेवतो म्हणाला. "डोमाजी, गावासाठी केलं, घरासाठी काहून नाही करत? आम्ही रडतो ना! पोटभर रडतो." भल्या माणसांची भली गोष्ट. त्यांच्या एकेका तोंडाकडं डोमाजी बघायचा, आणि ही की हा, असा विचार मनात यायचा, आणि त्याला स्वतःची शिसारी यायची.

आठव्या दिवशी चुलीपाशी बसून मंदाबाई रडली. "दुसऱ्याचा जीव तुमाले दिसते. माहा जीव जीव नाही काय? मले मरणाचं भेव वाटते जी." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. तिनं इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, आणि आता जे मागितलं ते फक्त त्याच्यापाशीच होतं.

नवव्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली आणि रिक्षात बसला. जागेश्वरला हायसं वाटलं. पण डोमाजी कुठं थांबेना. या कोपऱ्यावर रुखमा पोराला भरवत होती. पुढं एक म्हातारी उन्हाला बसली होती. त्यापुढं दोघं जण रस्त्यात ताणा पसरून खळ लावत होते. "पुढं घे," डोमाजी म्हणायचा. "अजून पुढं." असं करत रिक्षा बाजाराच्या मैदानात आली. त्या दिवशी बाजार नव्हता. कुत्रंही नाही. त्यानं जागेश्वरला लांबच्या टपरीवर चहा प्यायला धाडलं.

एकटा राहिल्यावर त्यानं भोंग्याची दोरी सोडली आणि भोंग्याचं तोंड वळवून स्वतःच्या छातीवर लावलं. जवळ मीच आहे, माझ्यावरच पडू दे. गावाला माझा आवाज भोंग्याच्या पाठीमागूनही ऐकू जाईल, असा त्याचा हिशेब. त्यानं माईक तोंडाशी धरला. "कळविण्यास अत्यंत..." आणि भोंगा किंचाळला. माईक आणि भोंगा समोरासमोर आले की तो किंचाळतोच, हे त्याला बारा वर्षांत कळलं नव्हतं थोडंच! पण त्या दिवशी त्याला ते सुचलं नाही. त्यानं पुन्हा बोलून पाहिलं. पुन्हा तीच किंकाळी, लांबलचक, बाईच्या गळ्यासारखी. तिसऱ्यांदा बोलला तेव्हा नदीपलीकडची कुत्री रडायला लागली. जागेश्वर कानांवर हात घेऊन पळत आला. मंदाबाईचं नाव काही भोंग्यातून बाहेर पडलं नाही.

घरी आला तेव्हा ती दारातच होती. "झालं?"

डोमाजी म्हणाला, "झालं."

"कोण कोण रडलं?"

"रुखमा रडली. जागेश्वर रडला. म्हातारे रडले." त्यानं नावं बोटांवर मोजली. "सगळा पुरा रडला."

मंदाबाईचा चेहरा असा सैल झाला की त्याला वर बघवेना. त्या संध्याकाळी तिनं झुणका केला, दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि "उद्या मोहाडीच्या बाजारातून भांडं आणाचं आहे," असं म्हणत झोपली.

दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ती सुताच्या कांड्या भरायच्या रहाटावर बसली होती. डोमाजी आत तोंड धूत होता. रहाटाचा आवाज थांबला. तो बाहेर आला तेव्हा तिचं डोकं रहाटाच्या चाकाला टेकलं होतं आणि धागा तसाच बोटात होता.

तो रडला नाही. रडला असता, हंबरडा फोडला असता, तर आवाजाच्या त्या राजाचं रडं ऐकून गल्ली धावत आली असती. त्यानं तिला निजवलं, अंगावर लुगडं घातलं, दार ओढून घेतलं आणि इतकी वर्षं मरण कळवायची जी एकच रीत तो शिकला होता ती केली. रिक्षात जाऊन बसला. जागेश्वर त्याला बघून खुश झाला. "बरं केलं डोमाजी. उशिरा का होईना." डोमाजीनं हातानं पुढं घ्यायची खूण केली. त्यानं माईक उचलला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की सौभाग्यवती मंदाबाई डोमाजी निपाने यांचे आज सकाळी निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल."

कोष्टीपुरा रडला. नऊ दिवस ज्या पुकाऱ्याची वाट बघितली तो आला होता, आणि या बाईला वाचवायचं तर मनापासून रडायला हवं होतं. घराघरातून गळे निघाले. माग थांबले. रुखमानं ऊर बडवून घेतला. आजपर्यंत कुणा सावकाराच्या मयतीला इतकं रडणं ऐकू आलं नसेल. आणि एकही माणूस घराबाहेर आला नाही. रिक्षा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दोन्ही बाजूंनी दारं बंद आणि आतून रडण्याचे आवाज.

डोमाजी घरी येऊन बसला. तासभर वाट पाहिली. रडणं हळूहळू थांबलं. मग कुठं हसण्याचा आवाज आला, कुठं माग सुरू झाला. लोक सुखरूपतेच्या पुकाऱ्याची वाट बघत होते. दुसरा तास गेला. मंदाबाईच्या पायांवर उन्हाचा तुकडा आला आणि सरकून गेला. तेव्हा डोमाजी उठला आणि पायी निघाला.

पहिलं दार रुखमाचं. तिनं डोळे पुसत हसून उघडलं. "रडली जी मी, चांगली रडली! बोला आता, कशी आहे मंदाबाई?"

"गेली."

"हो, थे ऐकलं ना."

"खरंच गेली व रुखमा."

त्याचा आवाज इतका बारीक होता की तिला पुढं वाकावं लागलं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, पण तरी विश्वास ठेवेना. "शपथ घ्या," ती म्हणाली. डोमाजीनं स्वतःचा गळा चिमटीत धरला आणि शपथ घेतली. रुखमाच्या हातून दाराची कडी सुटली.

दुसऱ्या दारी तसंच झालं, तिसऱ्या दारीही. जागेश्वर म्हणाला, "चेष्टा करू नको बापा." पुंडलिकराव पान लावत होते, त्यांनी शपथ दोनदा घ्यायला लावली. मधुकररावांनी चष्मा पुसला आणि त्याला बसायला खुर्ची दिली, तरी डोमाजीनं त्यांच्यासमोरही गळ्याला हात लावला, न मागता. बायकोला चार खांदे मिळायला डोमाजीला त्या दिवशी अकरा दारं फिरावी लागली, आणि अकराही दारांत ती मेली म्हणून शपथ घ्यावी लागली.